खोटे चार दिवस

लिंबांच्या ढिगावर विजयमाला वाकलेली असतानाच तो प्रश्न तिच्या कानी आला, आणि तो इतक्या हलक्या, इतक्या घरगुती स्वरात विचारला गेला होता की क्षणभर तिला वाटले, शेजारच्या कुणा बाईला विचारला असावा. "ताई, सायलीची पाळी अजून आली नाही ना?" तिने मान वर केली. अंबाजोगाईच्या आठवडी बाजाराच्या त्या गर्दीत मनिषा मॅडम उभ्या होत्या. काखेत पिशवी, हातात ओल्या हरभऱ्याची जुडी, आणि बोलता बोलता त्या जुडीतले घाटे सोलून दाणे तोंडात टाकीत होत्या. खेळाडूंनी काय खावे, केव्हा खावे आणि ते आयुष्यभर पेलेल असे कसे खावे, हे सांगणे हा त्या बाईंचा व्यवसाय. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रस्त्याला त्यांची खोली होती, बाहेर 'आहारतज्ज्ञ' अशी पाटी होती, आणि विजयमालेची एकुलती एक मुलगी सायली, जी पाच हजार मीटर धावत असे, दिवाळीपासून त्या खोलीत जात होती. "पावसाळ्यापासून बंद आहे म्हणाली," मॅडम पुढे म्हणाल्या. "म्हणून तर मी रविराज सरांना सांगून तिचं पळणं निम्म्यावर आणलंय. ती आली की मग बघू राज्य स्पर्धेचं. तुम्हाला सगळं माहीत आहे म्हणाली सायली, म्हणून विचारलं."

लिंबे विकणारी म्हातारी तागडी धरून थांबली होती. विजयमालेच्या तळहातावर एक लिंबू होते आणि त्याचा थंडपणा मनगटापर्यंत चढत आल्याचे तिला जाणवले. तिला काहीही माहीत नव्हते. पण ते सांगण्यासाठी ज्या एका वाक्याची आवश्यकता होती, ते वाक्य या बाईसमोर उच्चारणे म्हणजे आपल्या हाताने आपले आईपण त्या तागडीत टाकणे होते. "आली की," ती म्हणाली. "मागल्या आठवड्यातच आली. चार दिवस बाजूला बसली व्हती." मॅडमचा चेहरा उजळला, तो उजळपणा निष्कपट होता आणि म्हणूनच असह्य होता. "अरे वा. मग मला कशी बोलली नाही?" त्यांनी विचारले, आणि त्या प्रश्नातील किंचितसा हिरमोड विजयमालेच्या जिभेवर गुळाच्या खड्यासारखा विरघळला. "इसरली आसंल," ती म्हणाली, आणि लिंबे पदरात घेऊन चालू लागली.

घराकडे जाताना तिने स्वतःशी पुनःपुन्हा हेच म्हटले, की मी खोटे कुठे बोलले? सायली बाजूला बसली होतीच. त्यांच्या घराची ती रीत होती. विजयमालेचे सासर माजलगावाकडचे, मेंढरांमागे फिरणाऱ्या कुळातले. तिची सासू साखराबाई या बाबतीत अत्यंत कडक होती. त्या चार दिवसांत बाईने घोंगडीवर बसावे, कारण लोकरीला विटाळ नाही. देवाला, लोणच्याला आणि दुभत्याला शिवू नये. नवऱ्याला, राधाकिशनला, एसटीच्या आगारात नोकरी लागून बिऱ्हाड अंबाजोगाईस आले, दोन खोल्यांच्या घरात घोंगडीला जागा उरली नाही, आणि साखराबाईच्या मागे त्या साऱ्या आचारांतून एकच गोष्ट शिल्लक राहिली. देवापुढचा सांजदिवा रोज सायली लावीत असे, आणि महिन्यातून एकदा ती म्हणत असे, "आई, आज दिवा तू लाव." एवढेच. त्याहून अधिक त्या घरात त्या विषयावर कधी बोलले गेले नव्हते. विजयमालेला ते पुरेसे वाटत असे. किंबहुना शब्दांवाचून जे कळते त्यात अधिक मर्यादा आहे, अधिक माया आहे, अशी तिची श्रद्धा होती. आणि सायलीने हे वाक्य गेल्या सहा महिन्यांत एकदाही चुकविले नव्हते. ठरल्या तिथीला ती ते उच्चारीत होती. चार संध्याकाळी देवघराकडे पाठ करून बसत होती. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन, ओले केस पाठीवर टाकून, वात वळायला बसत होती. पण आता रस्त्याने चालताना त्या नियमितपणाचीच विजयमालेला भीती वाटू लागली. देह इतका नेमस्त कधी नसतो. तो दोन दिवस मागे सरतो, एखादा दिवस पुढे धावतो. देह खोटे बोलत नाही, म्हणूनच तो वेळ पाळत नाही. आणि मग तिला कपाटातला तो पुडा आठवला. गणपतीच्या सुमारास तिनेच औषधाच्या दुकानातून कागदात गुंडाळून आणलेला, सायलीच्या कपड्यांच्या मागे ठेवलेला. धुतलेले कपडे रचताना तिचा हात कितीदा तरी त्याला लागला होता, आणि कितीदा तरी त्या हाताने ओळखले होते, की तो अजून फोडलेला नाही. हाताने ओळखले होते. तिने ओळखले नव्हते.

म्हणजे खरे त्या बाईला सांगितले गेले होते, आणि आईसाठी देवापुढे खोटे चार दिवस मांडले गेले होते. या विचाराला ती जिथून हात लावी तिथून तो बोचत होता. आपल्याला दुःख कशाचे झाले आहे, याचा तिने प्रामाणिकपणे शोध घेतला. मुलीच्या प्रकृतीचे? नाही, ते दुःख अजून मागे उभे होते, रांगेत, आपली पाळी येण्याची वाट पाहत. सर्वांत पुढे उभी होती ती ही कल्पना: त्या खोलीत, त्या पंख्याखाली, आपली सायली ओठ दाबून बसली असेल, आणि त्या बाईने काहीतरी विचारले असेल, आणि सायली रडली असेल. ती घरी रडत नसे. ते रडणे कसे होते, हे त्या बाईला ठाऊक होते.

मॅडमचा राग करावा असे मॅडमने काही केले नव्हते, हीच खरी अडचण होती. पहिल्या दिवशी विजयमाला मुलीबरोबर गेली तेव्हा डबेबंद भुकट्या आणि महागडी औषधे सांगितली जातील, म्हणून ती सिद्ध होऊन बसली होती. त्याऐवजी मॅडमनी विचारले, घरात काय शिजते? आणि मग सांगितले ते असे: पळायच्या आधी अर्धी भाकरी आणि गूळ, पळून आल्यावर दही आणि शेंगदाण्याची चटणी, दुपारी घट्ट वरण, तीळ, हरभरा, आणि हे सगळे आत्ता खाता त्याच्या दीडपट. "जे घरात रोज होतं तेच. महिनाभर खाऊन सोडून द्यायचं, असं काही मी सांगत नाही." विजयमालेला उठून निघून जावेसे वाटले होते. ही तिचीच भाकरी होती. तिचेच तीळ, तिचीच चटणी; बारावीच्या वर्षापासून ती हेच घेऊन मुलीच्या मागे फिरत होती, आणि हलके अंग लवकर धावते असे कुठल्याशा मैत्रिणीकडून ऐकून आलेली सायली अर्धी भाकरी ओढणीआड नेऊन शेजारच्या गाईला घालत होती. आता तीच भाकरी मॅडमच्या तोंडून आल्याबरोबर मुलीच्या पोटात जाऊ लागली. राधाकिशनला यात मोठी गंमत वाटे. "तू दोन वरसं बोंबलून सांगितलं तं कटकट झाली," तो जेवता जेवता म्हणे, "अन् मॅडमनं तेच सांगितलं तं लगेच विद्या झाली. तू बी एक पाटी लाव दारावर." सायली हसत असे. विजयमालाही हसत असे. पण तव्यावरची भाकरी उलटताना तिला वाटे, की या पिठात आता कुणा दुसरीचे बोट आहे. थापणारे हात माझे, पण मुलगी जेवते आहे ती दुसरीच्या शब्दाला. अन्न तेच राहते आणि वाढणारी बदलते, असे कधी घडते काय? घडते, असे तिला दिसत होते. "मॅडम म्हणतेत, थोडं तूप घे." "मॅडम म्हणतेत, चहावर पोट मारू नको." प्रत्येक घासापूर्वी ते नाव असे येत असे, जसे पूर्वी देवाचे येई.

सायंकाळी सायली मैदानावरून आली ती दारातच थांबली. पायातले बूटही तिने काढले नव्हते. "मॅडमचा फोन आलता," ती म्हणाली. विजयमाला मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही. "तू सांगितलं म्हणे त्यांना. मागल्या आठवड्याचं." "मंग?" विजयमाला म्हणाली. "बसली व्हतीस ना बाजूला?" खोलीत मेथीचा कडवट वास भरून होता. या घडीला मुलगी म्हणाली असती, 'आई, ते खरं नव्हतं,' तर सगळेच निराळे झाले असते. पण विजयमालेने डोळे उचलले तेव्हा सायलीच्या मुखावर तिला जे दिसले ते लज्जा नव्हती, भीतीही नव्हती. ते एक सावकाश उमलणारे, अविश्वासाने भरलेले हास्य होते. "व्हते की," सायली म्हणाली. आणि मग बूट तसेच ठेवून ती आत आली, आईच्या मांडीवर डोके टाकून आडवी झाली. "बरं केलंस आई. लई बरं केलंस. आता सर पळवतेल मला. राज्याला जाते मी आता." तिच्या केसांत मैदानाची धूळ होती, घाम होता. ती अशी मांडीवर यायची थांबली होती त्याला किती वर्षे झाली असतील? विजयमालेचा ओला, हिरवा हात त्या केसांवरून फिरत राहिला. आपण काय केले आहे हे तिला स्पष्ट दिसत होते, आणि त्याच वेळी आपल्याला इतके सुख झाले आहे की ते लपवावे लागेल, हेही दिसत होते. आता त्या दोघींत एक गुपित होते. आणि त्याच्या उंबऱ्याबाहेर, हरभऱ्याची जुडी हातात घेऊन, ती दुसरी बाई उभी होती.

त्यानंतरचे दिवस विजयमालेने एखाद्या माहेरवाशिणीसारखे उपभोगले. सायली तिच्याशी बोलत होती. कोणती मुलगी सुरुवातीला जोर करते आणि शेवटी दमते, वळणावर कोपर कसे मारतात, सरांची शिट्टी कशी चिरकते. मॅडमचा फोन वाजला की ती आईकडे बघे, आणि विजयमाला तो उचलून म्हणे, "झोपली हाय मॅडम. उद्या लावती म्हणली." दोघी मग तोंडावर हात धरून हसत. त्या हसण्यात आपण वयाने लहान होत आहोत, मुलीची मैत्रीण होत आहोत, असे विजयमालेला वाटे. कधी त्या खोलीतल्या पंख्याखाली रिकामी असलेली खुर्ची तिला दिसे, आणि त्या रिकामेपणाने तिचे पोट भरे. पळणे मात्र पूर्वीसारखे दुप्पट झाले होते. खाणे पुन्हा उतरणीला लागले होते. "स्पर्धेपुरतं आई, अंग हलकं पायजे," सायली म्हणे, आणि उरलेली अर्धी भाकरी आता गाईकडे नेण्याचीही गरज नव्हती. ती ताटातच राहत असे, आणि विजयमाला ती मुकाट्याने उचलून ठेवीत असे. मॅडम आता सांगायला नव्हत्या. आणि आपण सांगितले तर आपण पुन्हा आई होऊ, नुसती आई, या भयाने ती गप्प राहत असे.

एका दुपारी सायली पाय पुढे पसरून भिंतीला टेकून बसली होती आणि विजयमाला तिच्या नडगीला कोमट तेल चोळीत होती. अंगठा वरून खाली सरकत आला आणि घोट्याच्या वर, चार बोटांवर, एका जागी मुलीने श्वास धरला. ओरडली नाही, नुसता श्वास धरला. अंगठा तिथेच थांबला. त्वचेखाली, रुपयाएवढ्या जागेत, कढत काहीतरी होते. "हितं दुखतंय?" "न्हाई. थोडं." आणि मग सायली अगदी हळू म्हणाली, "मॅडमला सांगू नको हां." आणखी एक गुपित. याआधीच्या गुपिताने जे सुख दिले होते तेच सुख देण्यासाठी हे दुसरे हात पसरून उभे होते. पण विजयमालेला ते घेता येईना, कारण त्या तेलकट, तापलेल्या जागेवर अंगठा ठेवताक्षणी तिला तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या दुष्काळातली मेंढी दिसली. सिंदफणेचे पात्र त्या वर्षी वाळूचे झाले होते. चारा नव्हता. मेंढ्या माजावर येईनात, आणि नवी सून असलेल्या विजयमालेने विचारले, तेव्हा साखराबाई म्हणाली होती, "पोटात न्हाई तं वटीत कुठून यील? जनावर शाणं हाय. आधी जीव राखतंय." काळ्या तोंडाची एक मेंढी त्या कळपात सर्वांत चपळ होती. एके दिवशी ओढ्याच्या काठावरून ती नुसती खाली उतरली. उडी नाही, धडपड नाही. आणि तिचा पुढचा पाय वाळल्या काटकीसारखा मोडला. सासूने तिच्याजवळ बसून त्या मोडक्या पायावरून हात फिरवला होता. मग म्हणाली होती, "हाडातलं बी खाल्लं गं तिनं."

हे विजयमालेला ठाऊक होते. बाजारात लिंबू हातात होते तेव्हाही ठाऊक होते. मॅडमनी जे सांगितले होते ते तिला न कळण्यासारखे नव्हतेच. त्या बाईच्या आधी, त्या पाटीच्या आधी, ते तिच्याजवळ होते, आणि ते जवळ असूनही तिने मुलीला काठावरून खाली जाऊ दिले होते, कारण खाली जाताना मुलगी तिचा हात धरून होती. तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली. सायली भिंतीला टेकून डोळे मिटून होती. या मुखावर हा विश्वास दिसण्याचा हा शेवटचा दिवस, असा विचार तिच्या मनात आला. आणि तो तिने पुरता पाहून घेतला, जसे तीर्थावरून निघताना देवीचे मुख पाहून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी सायली कॉलेजात गेल्यावर ती रिक्षाने त्या खोलीवर गेली. बाहेरच्या बाकावर एक आई तिच्या जाड्या मुलाला दटावीत बसली होती. आपला क्रम आल्यावर विजयमाला आत गेली, खुर्चीवर बसली नाही. "मॅडम, आली न्हाई," ती म्हणाली. "काय आली नाही, ताई?" "पाळी. तिची. बाजारात मी तुमाला खोटं सांगितलं." मनिषा मॅडमनी हातातले पेन खाली ठेवले. त्या रागावतील, असे विजयमालेला वाटले; त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. "का पण?" त्यांनी विचारले. उत्तर तिने रस्त्यात जुळवून आणले होते. लोकलाज, पोरीचे लग्न, असे काहीतरी. पण तोंडातून आले ते हेच: "तुमाला आधी कळलं म्हणून." पंखा फिरत होता. मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत जे आले त्याला दया म्हणता आले असते, पण विजयमालेने ते घेतले नाही. "आता नडगी दुखती तिची," ती कोरडेपणाने म्हणाली. मॅडम उठून टेबलाला वळसा घालून आल्या. "कुठं?" विजयमालेने वाकून, लुगड्याची कड किंचित उचलून, स्वतःच्या पायावर ती जागा दाखविली. मॅडमनी तिथे बोट ठेवले. "इथं?" "वर न्हाई. हितं." तिने लुगड्याची कड खाली सोडली. "बरं झालं ताई, आज आलात," मॅडम म्हणाल्या आणि फोनकडे वळल्या. त्या कृतज्ञतेइतका द्वेष विजयमालेने आयुष्यात कशाचा केला नव्हता.

मग सगळे त्या बाईच्या हाताने झाले, आणि वेगाने झाले. रविराज सरांना फोन गेला. सायलीला कॉलेजातून थेट दवाखान्यात बोलावले गेले. पायाचे चित्र काढले गेले. हाडाला केसासारखी रेघ होती. अजून तुटले नव्हते, तुटले असते. राज्य स्पर्धा नाही, पळणे नाही, उन्हाळा संपेपर्यंत नाही. नुसते खायचे आणि हाडाला वेळ द्यायचा. राधाकिशन मुलीला स्कूटरवर घेऊन आला तेव्हा सूर्य कलला होता. तो बाहेरच थांबला. असल्या वेळी तो नेहमीच बाहेर थांबत असे. सायली एक पाय उचलून धरत आत आली. तिचे डोळे कोरडे होते. "कावून सांगितलं?" तिने विचारले.  "सहा महिने मी खोटं बसले तुझ्यासाठी. तुला काळजी लागू नये म्हणून. अन् तू?" तिचा आवाज चढला नव्हता. "तू बी त्यांचीच निघालीस."

दार लागले. विजयमाला स्वयंपाकघरात तशीच उभी राहिली. त्यांचीच. हा शब्द तिने मनात अनेकदा घोळवला, उलटून पाहिला, आणि दर वेळी तिला हसू येईल की रडू, हे ठरेना. जिच्यावर ती इतके दिवस जळली, तिच्याच पदरात मुलीने तिला बांधून टाकले होते. आणि तरीही त्या बोलण्याच्या आधीचे एक वाक्य होते, ते मागे राहून हळूहळू वर येत होते: तुला काळजी लागू नये म्हणून. म्हणजे देवाकडे पाठ करून ती जी चार चार संध्याकाळी बसत होती, ते कपट नव्हते? की कपटच होते, पण तिच्यासाठी रांधलेले? त्या बाईला खरे मिळाले होते, फुकट, एका प्रश्नाला. तिच्यासाठी मात्र मुलीने दर महिन्याला बसून काहीतरी केले होते. कोणाला अधिक मिळाले? मत्सराला हिशेब आवडतो. पण हा हिशेब लागेना.

तिने पीठ मळले. फोन वाजला, तो आतल्या खोलीत सायलीजवळ वाजला. बराच वेळ भिंतीपलीकडून दबलेले बोलणे येत राहिले, मध्ये हुंदका आला, आणि तो ऐकताना विजयमालेचे हात परातीत थांबले. मग दार किंचित उघडले आणि त्या फटीतून फोन धरलेला हात बाहेर आला. "तुझ्याशी बोलायचंय त्यांना." मॅडमचा आवाज थकलेला होता. "ताई, ती आज जेवणार नाही म्हणते. मी सगळ्या परीनं सांगून बघितलं. माझं ऐकत नाही." आणि मग त्या म्हणाल्या, "आता तुम्ही बघा." फोन बंद झाला. विजयमालेने तो जमिनीवर ठेवला. ज्या वाक्याची तिने इतके दिवस वाट पाहिली होती ते आले होते, आणि त्यात तिला काही गोडी लागली नाही.

तिने ताट वाढले. बाजरीची भाकरी, मेथीचा पेंडपाला, शेवग्याच्या शेंगांची आमटी, चटणी, वर तुपाची धार. मॅडम म्हणतात तसे नाही आणि मी म्हणते तसेही नाही. ताटात जेवढे मावते तेवढे. दार ढकलून ती आत गेली, ताट मुलीपुढे ठेवले, आणि भिंतीशी बसली.  सायली खिडकीकडे तोंड करून पडली होती. आमटीची वाफ विरली, तूप थिजले. विजयमालेने उठून आमटी पुन्हा गरम करून आणली आणि परत त्याच जागी बसली. आपण ज्ञान सांगायचे नाही, क्षमा मागायची नाही, रडायचे नाही. केवळ अन्नाशेजारी बसून राहायचे, एवढेच आता आपले आहे, असे तिला वाटले, आणि एवढे तरी दुसरीला येणार नाही, ही जळजळीत ठिणगी त्या शांततेतही विझली नव्हती. बाहेर राधाकिशन कुणाशीतरी हळू बोलत होता. केव्हा तरी सायली उठली. तिने आईकडे पाहिले नाही. भाकरी मोडली, आमटीत बुडवली, घास तोंडात घातला, आणि कपाळाला आठी घालून, दोन वर्षांपूर्वी जशी घालायची तशी, ती म्हणाली, "मीठ कमी हाय."

विजयमाला मीठ आणायला उठली.